औषधांच्या पिशवीतलं पत्र

मिरज, रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

वर 'श्री' घातलेला नाही तो आजीचं सुतक आहे म्हणून. विसरलो असं समजू नकोस.

उद्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने तुझ्यासोबत आई आणि मामा येतील. मी का येऊ शकत नाही ते गुरुजींनी तुझ्यासमोरच सांगितलं. अग्नी दिला त्याने दहावं होईपर्यंत घर सोडायचं नाही. काका म्हणाला, मी बसतो तुझ्या जागी, पण तसं बसता येत नाही. म्हणून विमानतळावर सांगायचं ते इथे लिहितो. तिथे सांगितलं असतं तर 'हो बाबा, हो बाबा' करत तू ट्रॉली ढकलत आत गेली असतीस. कागद या पिशवीत आहे, म्हणजे औषध काढताना हाताला लागेल.

एक ठरवून बसलो आहे. दम्याबद्दल एकदाच लिहायचं, नीट लिहायचं, आणि मग दुसऱ्या गोष्टींकडे वळायचं.

ही पिशवी केबिन बॅगेतच राहील. मोठी बॅग चुकून दुसरीकडे गेली तर चार दिवसांनी मिळते, तोवर कपड्यांवाचून चालतं, पफवाचून चालत नाही. आत रोजचे इन्हेलर तीन आहेत, बुडेसोनाइड २०० आणि फॉर्मोटेरॉल ६ मायक्रोग्रॅमचे. एकात १२० पफ. सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे एक इन्हेलर बरोबर ३० दिवस. तीन नगांचे तीन महिने. घरचं दुकान असून तीनच का, असं आई विचारत होती. जर्मनीला जाणाऱ्याने स्वतःपुरतं, साधारण तीन महिन्यांचं औषध न्यावं असा दंडक आहे; त्याहून जास्त सापडलं की विकायला आणलं का, हा प्रश्न येतो. दुसरा इन्हेलर फोडशील त्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरची वेळ घे. तिसरा फोडेपर्यंत थांबू नकोस, कारण वेळ मिळायलाच कधी कधी दोन-तीन आठवडे जातात.

साल्बुटामोलचे, म्हणजे दम लागल्यावर घ्यायचे, दोन आहेत, १०० मायक्रोग्रॅम, २०० पफ. एक जॅकेटच्या उजव्या खिशात, एक खोलीत उशाशी. तिथे नवा घेशील तेव्हा रंगावर जाऊ नकोस, नाव वाच. आणि 'ॲस्थालिन द्या' म्हणालीस तर कुणाला कळणार नाही, हे आपल्याकडच्या कंपनीचं नाव. साल्बुटामोल म्हणायचं. ते तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्या दुकानात रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढलेलं असताना लोक वाकून आत येतात आणि घेऊन जातात, तसा प्रकार तिथे नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आहे, औषधांच्या मूळ नावांनी, डोससह, सही-शिक्क्यासह. दोन प्रती. एक पिशवीत, एक पासपोर्टच्या फोल्डरमध्ये. खोकी फेकू नकोस, तपासणीत औषध त्याच्या खोक्यात असलेलं बरं. गोळ्यांच्या स्ट्रिप अख्ख्या ठेवल्या आहेत. गिऱ्हाइकाला चार गोळ्या हव्यात म्हणून कापून देतो तेव्हा नाव आणि तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहते, मग ती गोळी कशाची हे देवालाही सांगता येत नाही.

आईने ठेवलेलं कॉम्बिफ्लाम मी काढलं. त्यात पॅरासिटामोलबरोबर आयबुप्रोफेन असतं, आणि दमा असलेल्या काहींना आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी झटका येतो. तुला आजवर आला नाही, पण तू ती फार घेतलेलीही नाहीस. तिकडे डोकेदुखी, पाळी, दाढ, सगळ्याला आयबुप्रोफेन सहज हातावर ठेवतात. आधी सांगायचं, दमा आहे. शब्द तोच आहे, 'आस्थ्मा'. ताप-अंगदुखीला पॅरासिटामोल ५००, तेही तिकडे चिठ्ठीशिवाय २० गोळ्यांचंच पाकीट देतात.

स्पेसर, म्हणजे इन्हेलरला लावायची ती प्लास्टिकची नळी, घेतला आहे. तुला तो लाजिरवाणा वाटतो हे माहीत आहे, कॉलेजला नेत नव्हतीस. नुसता पफ तोंडात मारला तर बराचसा घशावर आणि जिभेवर बसतो. स्पेसरमधून तोच पफ खाली फुप्फुसात जातो. इन्हेलर आधी हलवायचा, एका वेळी एकच पफ सोडायचा, सावकाश ओढायचा, दहा आकडे रोखायचा. दुसऱ्या पफच्या आधी पुन्हा हलवायचा. रोजच्या पफनंतर चूळ भरून थुंकायची. नाही भरलीस तर जिभेवर पांढरा थर येतो, आवाज बसतो. स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळू द्यायचा. फडक्याने पुसायचा नाही. पुसल्याने प्लास्टिकवर वीज धरते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. हे मी रोज चार जणांना सांगतो आणि चारही जण घरी जाऊन पुसतात.

आठवडाभर न वापरलेल्या इन्हेलरचे पहिले दोन पफ हवेत सोड. थंडीत बाहेर राहिलेला असेल तर तळहातात धरून ऊब दे, गार डब्यातून फवारा पडका येतो. आणि २०० पफ संपल्यावरही त्यातून फुस्स आवाज येत राहतो. तो फक्त वायू असतो, औषध संपलेलं असतं. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती चुकीची आहे. ज्यावर आकडा दिसत नाही त्याच्या बुडाशी मी पांढरी पट्टी लावली आहे, सुरू केल्याची तारीख तिच्यावर लिही.

झालं. आता बॅगा.

तूप काढलं. आई रडली त्याला तूप हे निमित्त होतं. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचा आणि मांसाचा कुठलाही पदार्थ सामानातून नेता येत नाही. तूप, पेढे, खवा, चक्का, विरजण, सगळं त्यात आलं. सापडलं तर काढून टाकतात, वर दंड होऊ शकतो. गेल्या आठवड्यात शनिवारी पासपोर्टवर व्हिसा चिकटून आला तेव्हा आजीने आणवलेले पेढे तू डब्यात भरून ठेवले होतेस. ते इथेच राहतील. तूप तिथे कर. बिनमिठाच्या लोण्याचं अडीचशे ग्रॅमचं पाकीट कुठल्याही दुकानात मिळतं, त्याचं दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. मंद आचेवर ठेव, फेस बसला आणि बुडाशी बेरी बदामी झाली की लगेच भांडं उचलून बाजूला ठेव. विजेची शेगडी बंद केल्यावरही दहा मिनिटं तापलेली राहते, गॅससारखी विझत नाही. पहिलं तूप सगळ्यांचं जळतं ते यामुळेच.

ताजा कढीपत्ताही नको. हिरवी पानं, फळं, भाज्या यांना रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. सावलीत वाळवलेला घेतला आहे, चुरडून. डाळी, तांदूळ, मसाले चालतात. खोबऱ्याच्या वाट्या मात्र बाहेर काढल्या, आणि हे युरोपमुळे नाही. सुक्या खोबऱ्यातलं तेल पेट घेऊ शकतं म्हणून विमानातच ते चालत नाही, मुंबईलाच स्कॅनरवर थांबवतात. त्या वाट्या आजीने सोमवारी दुपारी अंगणात बसून सोलल्या होत्या, तुझ्यासाठीच. पण चटणीत त्याच झाडाचं खोबरं आहे.

चटणीचं नीट ऐक. कांदा-लसूण चटणीचं माप आजीने कधी कागदावर येऊ दिलं नाही. या उन्हाळ्यात मात्र तुझी आई तराजू घेऊन तिच्याशेजारी बसली होती. एक किलो मिरची, त्यातली अर्धी संकेश्वरी, अर्धी ब्याडगी. सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, लसूण पाव किलो, कांदे अर्धा किलो. लवंग, दालचिनी, दगडफूल, मिरी प्रत्येकी दहा ग्रॅम. कांदे उभे चिरून दोन दिवस उन्हात, मग तेलात कुरकुरीत. चटणी बिघडते ती इथेच. कांद्यात ओल राहिली की महिन्याभरात बुरशी धरते, आणि लोक मिरचीला दोष देतात. तुला अर्धा किलो दिली आहे, दोन पिशव्यांत सील करून, मग स्टीलच्या डब्यात. डब्यात कोरडाच चमचा. एवढी शेवटची आहे. पुढच्या वर्षी आई करील, त्याच मापाने, पण ती आजीची असणार नाही हे तिलाही माहीत आहे.

गेल्या रविवारच्या साखरपुड्यात हिरव्या साडीत खुर्चीवर बसून आजी तायडीच्या सासूला काय सांगत होती कळलं का तुला? 'आमची धाकटी जर्मनीला चाललीय, तिला स्वयंपाक येत नाही, पण मशीन सगळं येतं.' चार बायकांना सांगितलं. मी मागे उभा होतो. फोटोत ती हसते आहे, आणि एक हात खुर्चीच्या दांड्यावर गच्च आहे. हे मला बुधवारनंतर दिसलं.

कुकर ३ लिटरचा दिला आहे. बुडाला लोहचुंबक चिकटतो, म्हणजे इंडक्शनवरही चालेल. तिथे काचेच्या शेगड्या दोन प्रकारच्या असतात. काच लाल होते ती साधी, तिच्यावर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं. काच लाल होत नाही आणि बुडाला चुंबक चिकटेल असंच भांडं मागते ती इंडक्शन, तिच्यावर ॲल्युमिनियम तापतच नाही. साध्या शेगडीवर डाळीला दोन शिट्ट्या हव्या असतील तर एका शिट्टीनंतर बंद कर, उरलेली उष्णता दुसरी देते. रिंग दोन जादा दिल्या आहेत, सेफ्टी व्हॉल्व्ह एक. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसली की रिंग सैल झाली, शिट्टी होत नाही म्हणून आच वाढवत बसू नकोस. शिट्टीची नळी दर वेळी उजेडात धरून बघ, तुरीच्या डाळीचा फेस तिच्यात वाळतो. कुकरच्या पोटात हिंग, हळद, मोहरी भरली आहे, जागा वाया घालवायची नाही. स्कॅनरवर काळा गोळा दिसतो म्हणून बॅग उघडायला लावतील, घाबरायचं नाही.

मिक्सरची वीज तिथेही आपल्यासारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त पिन बसत नाही. मोबाइलची दोन काड्यांची पिन बहुतेक बसते. मिक्सरच्या तीन पिनीसाठी अर्थिंगवाला ॲडॉप्टर दिला आहे, स्टेशनजवळ मिळणारा पन्नास रुपयांचा नव्हे. त्यात अर्थिंग नुसतं शोभेचं असतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, २०,००० चा आहे तो चालतो. मोठ्या बॅगेत गेला तर बॅग थांबवतात.

फोडणीचं राहिलं. तिथे घराघरात छतावर धूर ओळखणारा डबा असतो, कायद्यानेच. मिरचीची फोडणी केलीस की तो बोंबलतो. स्वयंपाकघराचं दार लावून, खिडकी उघडून, तेल धूर येण्याआधीच मोहरी टाकून कर. आणि कांदा-लसूण चटणी कधीही तापल्या तेलात टाकायची नाही, कालवणात पाणी पडल्यावर टाकायची. तो ठसका तुला... बघ, परत तिथेच आलो.

आलोच आहे तर लिहून टाकतो. तुझं आखेन म्हणजे पावसाचं गाव, सगळे सांगतात. ओल, बंद खिडक्या आणि हीटर हे तिघं एकत्र आले की भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या रबरावर काळे ठिपके येतात. ती बुरशी. तुझ्या छातीला धुळीपेक्षा तीच वाईट. थंडी आहे म्हणून खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवायची नाही, त्याने भिंत गार पडते आणि ओल जास्त धरते. हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. तिथले लोक हे धर्मासारखं पाळतात, भाडेकरारातही लिहिलेलं असतं. आंघोळीनंतर आणि भात शिजल्यावर लगेच. कपडे खोलीत वाळवायचे नाहीत. इमारतीच्या तळघरात जागा असेल, मशीन असेल, तिथे. पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं लांब. हीटरच्या चाकावर १ ते ५ आकडे असतात, ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ केल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते. हवेतली ओल दाखवणारं छोटं यंत्र तिथे दहा-बारा युरोत मिळतं, ४० ते ६० मध्ये आकडा राहू दे. खोली घेताना आधी कपाट सरकवून मागे बघ. वास आला तरी समज.

बुधवारी पहाटे डॉक्टर म्हणाले, पाणी बऱ्याच दिवसांपासून साठत होतं. पायावर सूज होती. आई, म्हणजे तुझी आजी, मोजे घालायला लागली होती, म्हणायची थंडी वाजते. जिन्यात थांबायची, म्हणायची गुडघे. दोन उश्या घ्यायला लागली, म्हणायची मान दुखते. घरात औषधांचं दुकान आहे, आणि या तीन गोष्टी गिऱ्हाइकाने एकत्र सांगितल्या असत्या तर हृदयाचं असेल म्हणून मी उभ्या उभ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. तुला 'बाबाला सांगू नको' म्हणाली होती ते तू गुरुवारी सांगितलंस आणि मग रडत राहिलीस. तुझी चूक नाही. हे मी तेव्हा बोललो नाही, कारण तेव्हा सगळे राख सावडायला निघाले होते. आता लिहितो. तुझी चूक नाही.

पण तू तिच्यासारखीच आहेस. बारावीच्या परीक्षेत तीन दिवस छाती घरघरत होती आणि तू आम्हाला सर्दी सांगितलीस. परीक्षा असते, प्रोजेक्ट असतं, पाहुणे असतात, साखरपुडा असतो, दुखणं सांगायला बरा मुहूर्त कधीच नसतो, आणि मग माणूस... जाऊ दे. व्याख्यान नको होतं. रात्रीचे दोन वाजले आहेत, घरात दिवा आहे दक्षिणेकडे तोंड करून, त्याच्यात तेल घालायला मला उठावं लागतं, त्यामुळे झोप नाही आणि हात थांबत नाही. रागावू नकोस.

कागदांचं थोडक्यात. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा. त्याला घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, किल्ली घेतानाच मागून घे, नंतर मालक फोन उचलत नाहीत. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती लवकर मिळत नाही, म्हणून पोचल्याच्या दिवशीच बघ. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेल्या ११,९०४ युरोतले महिन्याला ९९२ सुटतात, पण तिथलं खातं उघडेपर्यंत पहिला हप्तासुद्धा येत नाही. तोवर कार्डावर आणि रोख दिले आहेत ते पुरव. घराची अनामत वेगळी लागते, ती तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, एवढं माहीत असू दे.

आणि टपालपेटीवर स्वतःचं आडनाव लावायचं, पहिल्या दिवशी, कागदाची पट्टी चिकटवून का होईना. तिथे पोस्टमन खोलीचा नंबर बघत नाही, पेटीवर नाव बघतो. नाव नसलं की पत्र परत. विम्याचं कार्ड टपालाने येतं. ते परत गेलं की डॉक्टरकडे दाखवायला कार्ड नाही. तिकडे चिठ्ठीही आता संगणकावर चढवतात, कागद सहसा देत नाहीत; औषधवाला कार्ड यंत्रात घालतो आणि औषध देतो. म्हणजे पट्टी नाही तर कार्ड नाही, कार्ड नाही तर पफ नाही. यात मी दमा मुद्दाम आणलेला नाही, तो आपणहून आला. दर औषधामागे आपण पाच ते दहा युरो भरायचे, बाकी विमा भरतो. कार्ड यायला वेळ लागला तर विमा कंपनीकडून तात्पुरता दाखला मागव, तो चालतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात फ्लूची लस घे. दमा असलेल्यांना दर वर्षी घ्यायला तिथलं सरकारच सांगतं. थंडीत बाहेर पडताना नाक-तोंड मफलरमध्ये, श्वास नाकाने. बस पकडायला एकदम धावू नकोस, गार कोरडी हवा तोंडाने आत गेली की नळ्या आवळतात. दुसरी बस येते.

रविवारी सगळं बंद असतं, औषधाची दुकानंही. पण एक पाळीचं उघडं असतं, कुठलं ते प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. हे वाचून मला बरं वाटलं, आपल्याकडे मिरजेत एवढी हॉस्पिटलं असून ही पद्धत नाही. रात्री डॉक्टर हवा, पण जिवावरचं नाही, तर फोन ११६११७. जिवावरचं असेल तर ११२.

जिवावरचं म्हणजे काय ते लिहितो, कारण तू म्हणशील एवढं काही नव्हतं. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. ओठ निळसर. किंवा पफ घेऊन आराम पडत नाही. बसायचं, आडवं व्हायचं नाही. स्पेसरमधून साल्बुटामोलचा एक पफ, चार-सहा श्वास, मिनिटभर थांबून पुढचा. चार झाले की बघ. नाही तर तसेच दहापर्यंत, आणि त्याच वेळी ११२ लावायचा, दहा संपायची वाट बघायची नाही. 'इश बेकोमे काइने लुफ्ट.' मला हवा मिळत नाहीये. दुकानात बसून पाठ केलं मी. उच्चार चुकला असेल, तू दुरुस्त कर, पण पाठ कर. फोनवर बोलता येत नसेल तर शेजारच्या खोलीचं दार वाजव. म्हणून पहिल्या आठवड्यात शेजारणीला सांगून ठेव, आणि इन्हेलर कुठे असतो ते दाखवून ठेव. लाजायचं काय त्यात.

आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त साल्बुटामोल लागलं, तर रोजचं औषध कमी पडतंय. हे डॉक्टरला सांगायचं, पफ वाढवून भागवायचं नाही.

शुक्रवारी दहावं आहे, कृष्णाघाटावर. सकाळी नऊ-साडेनऊला पिंड ठेवतील. तुझ्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच-सहा. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग साडेचार तासांचा फरक.) तुला गजर लावून उठायची गरज नाही. दर्भाचा कावळा करावा लागेल असं काका आत्ताच म्हणतोय, कारण घाटावर कावळे कमी झालेत. मला वाटतं लागणार नाही. तिची इच्छा काय राहिली असेल ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ती इच्छा तर मंगळवारी रात्री विमानात बसलेली असेल. कावळा शिवला की मेसेज करतो. तुलाही सुतक आहेच, तिथे देवाचा फोटो लावायचा तो पुढच्या शनिवारनंतर लाव. बाकी काही पाळू नकोस, वेळेवर जेव.

उद्या निघताना औक्षण होणार नाही. आईच्या मनाला ते लागून राहिलं आहे. शेजारच्या काकू येऊन हातावर दही-साखर घालतील, तेवढं घे आणि मागे वळून बघू नकोस. मी दुकानाच्या बाजूच्या दारात असेन. डोकं भादरलेलं बघून तुला दोन दिवस हसू येत होतं आणि तू ते दाबत होतीस, ते मला दिसत होतं. हसलीस तरी चाललं असतं. आजी हसलीच असती.

पीक फ्लो मीटर, श्वासाचा जोर मोजायची ती नळी, पिशवीच्या मागच्या कप्प्यात आहे. सकाळी पफच्या आधी, उभं राहून, काटा शून्यावर आणून, पूर्ण श्वास भरून एकदाच जोरात फुंकायचं. तीनदा. त्यातला मोठा आकडा धरायचा. जीभ पुढे आली किंवा बोट पट्टीवर अडलं तर आकडा खोटा येतो. तुझा चांगला आकडा ४२०. ३३६ च्या वर ठीक. त्याच्या खाली घसरला तर त्याच दिवशी डॉक्टर. २१० च्या खाली ११२.

रोज सकाळी तो आकडा मला पाठव. नुसता आकडा. 'गुड मॉर्निंग' नको, 'मी मजेत' नको, फोन करायला वेळ नसला तर तोही नको करूस. कमी आला तर पुन्हा फुंकून चांगला येईपर्यंत थांबू नकोस, जो आला तो.

तुझा,
बाबा

ता. क. कुकरची दुसरी जादा रिंग मिक्सरच्या छोट्या भांड्यात आहे. मोठ्या बॅगेच्या कुलुपाची किल्ली मामाकडे नाही, तुझ्याच पर्समध्ये आतल्या चेनीत आहे. मुंबईला शोधाशोध करू नका.